आउटफॉल दोन

टॅकोमाच्या बंदरामागे, रुळांच्या पलीकडे
ऑस्टबींचं भंगाराचं आवार.
मी तिथली पाण्याची कारकून.
म्हणजे आभाळातून पडतं तेव्हा पाणी कुणाचंच नसतं,
आमच्या हद्दीत येतं तेव्हा पाहुणं,
आणि नळातून ओढ्याकडे निघालं की आमचं.
तिथपासून हिशेब माझ्याकडे.

परवान्यात सगळं लिहिलंय.
वाहू लागल्यापासून बारा तासांत नमुना घ्या.
बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, बोट आत नको.
तवंग दिसला तर लिहा,
दिसला नाही तर तेही लिहा.
एकदा मी 'इंद्रधनुष्य' लिहिलं होतं.
खात्याच्या बाईंनी खोडून 'तवंग' केलं,
बाजूला बारीक सही.

दोन तिमाह्या झाल्या, जस्त जास्त.
मर्यादा एकशे सतरा, आमचं तीनशे चाळीस.
वुथीला हे दोन शब्द शिकवले तर
तो आता फोर्कलिफ्टवरून रोज ओरडतो, जस्त?
मी खालून म्हणते, जास्त.
हीच आमची राम राम.

काय नाही केलं.
आवार झाडलं, ओलं झाडलं, परत झाडलं.
जाळ्यांमध्ये पिशव्या बसवल्या.
रेडिएटर, बॅटऱ्या, जुन्या मोटारी,
जे जे म्हणून गळेल ते शेडखाली नेलं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणावं
तर आमच्याकडे मुरायला जागाच नाही,
साडेतीन एकर डांबर.

फेब्रुवारीत एका पहाटे चारला लागला.
डेल ऑस्टबींचा फोन: झोप तू.
कामाच्या वेळेबाहेरचा पाऊस आहे,
नमुना नाही असं लिही, नियमात बसतं.
बसत होतं.
मी तेव्हा गमबूट घालून आउटफॉल दोनपाशी उभी,
टॉर्च दातांत.

आणि डांबर अजून नुसतं ओलसर,
खड्डे भरायचेत, पन्हाळी कोरड्या,
तरी नळ वाहतोय.

कुठून?
पाण्याच्या उलट चालत गेले.
झाकण, मग दुसरं झाकण,
मग शेडची भिंत, भिंतीवरचा उभा पाइप,
वर पागोळ्या.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
माझं त्या पहाटे गेलं.

चिपळूणला वडिलांच्या दुकानात
पत्र्यांच्या थप्पीवर खडूने लिहिलेलं असे:
जस्ती, दहा फुटी.
सातव्या वर्षापासून वाचत आले.
इथे त्याच पत्र्याला कुठल्याशा इटालियन डॉक्टरचं नाव,
नावात जस्ताचा पत्ता नाही.
अकरा वर्षं मी त्याला त्या नावाने हाक मारली
आणि सगळा मुद्देमाल उचलून
त्याच्याच छायेत नेऊन ठेवला.

नमुना घेतला. दोन बाटल्या:
एक आउटफॉलची, परवान्यासाठी,
एक पागोळ्यांखालची, माझ्यासाठी.
गाडीत बाजूच्या सीटवर ठेवून
पट्टा लावला दोघींना.

आठवड्याने आकडे आले.
आवाराचे तीनशे नव्वद. छपराचे बाराशे.
'माझ्या माहितीप्रमाणे हे सत्य व संपूर्ण आहे,
खोटं ठरल्यास दंड आणि कैद',
याच्याखाली सही करताना
पेन नेहमी जरा अडतो. या वेळीही अडला.

डेल बाहेर आले. वर बघत राहिले.
बापाने घातलंय हे, म्हणाले, एकसष्ट साली,
माझ्या हातात खिळ्यांचा डबा होता.
मी रंगाऱ्याचं कोटेशन पुढे केलं.
त्यांनी आकडा पाहिला नाही.
पाऊस परत भुरभुरायला लागला होता
आणि आम्ही दोघं, काय सांगू,
त्याच छपराखाली उभे.

खूप वेळाने म्हणाले,
आणि हा रंग? पुढे उडेल, सुटेल.
तो कुठे जाईल?

मी वही काढली,
तारीख घातली, वेळ घातली,
आणि प्रश्न आहे तसा उतरवून घेतला.