दोन मिनिटं

विधानभवनाच्या दारात माझी क्रोशाची सुई काढून घेतली.
टोकदार वस्तू चालत नाही, पहारेकरी म्हणाला.
भला माणूस. सुईला चिठ्ठी बांधली,
टॅगर्टमध्ये शेवटी एक टी की दोन, तेही विचारलं.
शेजारच्या रांगेतून एक गृहस्थ
कमरेला पिस्तूल, हातात परवाना,
सरळ आत गेले.
त्यांची रांग नेहमीच आखूड असते.

आत प्रत्येकाला दोन मिनिटं.
माइकजवळ तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल.
माझ्याआधी एक मधवाले बोलले.
त्यांची सुनावणी वरच्या मजल्यावर होती,
चुकून इथे आले होते,
पण नंबर लागलाच होता, तर बोलून घेतलं.
मेलेल्या मधमाश्यांसाठी
समिती खरोखर हळहळली.

मग मी.
नाव ऑर्लीन टॅगर्ट. राहणार चारशे सतरा, स्लेट स्ट्रीट.
मुलगा एमेट, वय एकोणीस.
आहे म्हणायचं की होतं,
यात माझी पाच सेकंदं गेली.

म्हटलं, चारशे एकाहत्तरचं टपाल आमच्याकडे येतं.
टपालवाले बदलले, चूक तीच राहिली.
त्या संध्याकाळी पार्सल आलं,
एमेट म्हणाला, देऊन येतो, कुकर बंद करू नकोस.
अंगात गाड्या धुण्याच्या दुकानाचा पिवळा शर्ट,
बाह्या अजून ओल्या.
दोनदा दार वाजवलं त्यानं.
दाराआडून गोळी आली.
त्या भोकाला आता लांबी भरून रंग दिलाय.
रंग जुळलेला नाही.

या राज्यात माणसाला भीती वाटली की पुरे.
किती वाटली, कुणी मोजत नाही.
मासा धरायचा तर परवाना लागतो.
मी केस कापते, साहेब,
लोकांच्या डोक्याला कात्री लावण्याआधी
पंधराशे तास शिकले, परीक्षा दिली,
भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट आहे.
घाबरायला मात्र काहीच लागत नाही.

पिवळा दिवा.
अध्यक्ष व्रूमसाहेब मान हलवत होते.
मी त्यांच्या भांगाकडे पाहत होते,
फार खालून काढतात, पार कानाजवळून,
वरचं मैदान झाकायला.
बत्तीस वर्षं मी असली मैदानं झाकत आलेय,
वारा आला की काय होतं, मला ठाऊक आहे.
ते म्हणाले, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो.
मग शेजाऱ्याकडे वळून हळूच विचारलं,
विधेयक कितवं?
त्यांचा माइक चालू होता.

लाल दिवा लागला, माझा बंद झाला.
एक वाक्य राहिलं.

विधेयक अभ्यासाला पाठवलं.
गेल्या वर्षीही ते अभ्यासालाच होतं,
एव्हाना पदवीधर व्हायला हवं होतं.
त्याच दुपारी राज्याचा अधिकृत केक ठरला.
एकमताने. पीचचा.
एक सदस्य तर भरून आल्यामुळे
बोलू शकले नाहीत.

पहारेकऱ्यानं सुई परत दिली,
चिठ्ठी सोडायला विसरला.
बसमध्ये दीडशे मैल विणत आले,
टॅगर्ट, दोन टी,
प्रत्येक टाक्याला हातावर घासत होतं.

राहिलेलं वाक्य असं:
पार्सलात म्हाताऱ्याच्या श्रवणयंत्राचे सेल होते.
एमेटनं दारातून हाक मारली होती,
बीमकाका, तुमचं पार्सल.
समोरच्या बाईनं ऐकलं, रस्त्यापलीकडून.

घरी आले तर पेटीत
पुन्हा एक पाकीट, चारशे एकाहत्तरचं.
वीज कंपनीचं, लाल अक्षरात, शेवटची सूचना.
अशी चौदा झालीत, बुटाच्या खोक्यात ठेवते.
कुणीतरी नेऊन द्यायला हवीत.
अंगणातला दिवा लागलाय त्याच्या, अजून तरी.
मधे सात दारं आहेत.
दुसऱ्या दारापर्यंत मी जाते, कधी तिसऱ्या.
मलाही भीती वाटते, साहेब.
पण माझी भीती
तुमच्या कायद्यात कुठेच बसत नाही.