नऊची सुई

वडगावातले माग नऊला थांबतात,
आमच्या गल्लीतले तरी.
नीलव्वा सिस्टर चप्पल बाहेर काढते.
मी काखेत ऊब दिलेली कुपी तिच्या हाती देते.
गार तेल गाठ धरतं, भरमा सांगतो,
जणू त्यालाच टोचतात.

आज डावी बाजू.
उजवीवर काल बॉलपेनची फुली.
"स्वल्प ताळ्री," ती म्हणते.
थांबा म्हणते की सोसा,
बारा वर्षं इथं नांदून मला कळलं नाही.

तेल सावकाश उतरतं.
सासूबाई टीव्ही मोठा करतात;
त्यांना सांगितलंय, कॅल्शियमची.

दहावा दिवस. छाती दुखते,
आमसुलाची बरणी दोनदा उघडली.
डॉक्टरीण म्हणाली होती,
ही सगळी औषधाचीच लक्षणं,
त्यावर घर बांधू नका.
बांधलं नाही.
फक्त रंगाऱ्याकडून आलेल्या सुतातली
एक पिवळी लड हिशेबात धरली नाही.

सोमवारी टिळकवाडीत रक्त द्यायचंय.
तोवर चुकवू नका, म्हणाल्या,
शरीराला वाटत राहिलं पाहिजे
कुणीतरी आलंय.

भरमा तव्यावर फडकं तापवून आणतो,
दाबतो. चटका बसतो.
"हलू नको की गं."

कोण हलाय लागलंय.