बद्द

पाडव्याला अजून अकरा दिवस.
हिराजी मढवी माझ्या गच्चीवर उकिडवा बसलाय.
थापी नाही, ओळंबा नाही,
एक जुना, जाड कडेचा रुपया फक्त,
आणि त्यानं तो लादीलादीला टिचकी देत सरकतोय.
टक. टक. टक.
मग एका जागी
बद्द.
"ही पोकल हाय," म्हणतो
आणि खडूची फुली मारतो.

दुपारपर्यंत गच्चीभर फुल्या.
नेरुळच्या या गल्लीत समोरच्या शिरीषाला
पोपटी पालवी फुटलीय,
गेल्या सालच्या शेंगा मात्र तशाच,
वाऱ्यात वाळक्या वाजतात.
खाली मी जाळ्या काढून धुतल्या,
ग्रिलचा गंज घासला, पंख्याची पाती पुसली,
टाकीतून दोन तगाऱ्या गाळ काढला.
त्यात एक हिरवा प्लास्टिकचा घोडा.
आमच्याकडे असा घोडा कधीच नव्हता.

कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवलाय, वीतभर.
दर वर्षी उपटते, दर वर्षी येतो.
हिराजी त्याला हात लावत नाही.
"त्यो तुमी काडा. घर तुमचं."
आणि रुपया उलटा करत, सहज,
"शेत आमचं व्हतं. पन त्याला झाली चाळीस वर्सं."
मी चहा आणायला खाली जाते.
साखर विचारायची राहूनच जाते.

मग मधली भिंत.
आमची आणि तेंडोलकरांची, सिडकोनं दिलेली,
दोघांत मिळून एक, नऊ इंची.
पागोळीचा पाइप कुणाच्या अंगणात सोडायचा
यावरून चार वर्षं बोलणं नाही.
त्याआधी शालनवहिनी आंबोळ्या पाठवायच्या,
त्यांचा डबा अजून आमच्या फळीवर आहे,
झाकणावर रंगानं लिहिलेलं 'तें'.
द्यायला जावं तर काय म्हणून जावं?

दर श्रावणात या भिंतीवर ओल धरते.
आधी तळहाताएवढी, मग परातीएवढी.
मी समोर कपाट सरकवलं होतं.
आज ते ओढलं तर मागे
मीठ फुललेलं, रंगाचे पोपडे,
आणि माझंच हरवलेलं एक विजेचं बिल.

हिराजी गुडघ्यांवर येतो.
टक. टक.
बद्द.
बद्द.
आणि पलीकडून
टक टक.

तो थांबतो. मी थांबते.
"उंदीर नाय," तो हळूच म्हणतो.
पुन्हा तीन टिचक्या मारतो.
पुन्हा तीन येतात,
जरा चढ्या आवाजात,
लाटण्याच्या असाव्यात.

"भिंत येकच हाय ताई," हिराजी म्हणतो,
"हिकडनं खरवडून भागायचं नाय.
पानी तिकडनं येतं का हिकडनं जातं
ते दोनी बाजूंनी खोलल्याबिगर कललंच नाय."
हे तो सिमेंटच्या गोणीबद्दल बोलावं तसं बोलतो,
आणि खर्च सांगतो,
आणि रुपया माझ्या हातात ठेवून
मोजपट्टी आणायला जिना चढतो.

रुपया गरम आहे त्याच्या बोटांनी.
मी कान लावते.
चुन्याचा वास येतो आणि कुणाच्या तरी
फोडणीचा.
काय वाजवायचं असतं अशा वेळी?
मी एकदाच वाजवते.
आवाज बद्दच येतो.

बराच वेळ काही नाही.
मग गच्चीच्या बाजूनं, कठड्यावरून,
तोच घसा बसल्यासारखा आवाज:
"तुमच्याकडंही फुगलंय काय हो?"

"हो," मी म्हणते. वर बघते. "परातीएवढं."
"आमचं टेबलाएवढं," शालनवहिनी म्हणतात,
आणि त्यांच्या हातात खरंच लाटणं आहे,
कणीक लागलेलं.

हिराजी दोन्ही घरांची मापं घेतो.
पाइपाचं कुणी काढत नाही.
डब्यात काय घालून पाठवावं
याचा विचार करता करता अंधारतं,
आणि पिंपळ
उपटायचा राहतो.