पालथ्या बाटल्या

मुरुनमध्ये जानेवारीत
पहाटे पाचला गाडी सुरू होते किंवा होत नाही,
मधलं काही नसतं.
माझी पाळी सहाची. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला.
बॅटरी रात्री घरात, शेगडीजवळ, माझ्या बुटांशेजारी झोपते.
आणि सासरे म्हणतात, जाड तेल घाल.

दोर्जपालाम चाळीस वर्षं रशियन जीप हाकत आले.
तेल त्यांना बोटांनी कळतं:
चिमटीत धरायचं, हळूच फाकवायचं,
तार धरली तर खरं.
तुपाची परीक्षा तीच, मेंढीच्या चरबीची तीच,
सुनेचीही बहुधा फार वेगळी नसावी.

चिमेदच्या दुकानात मी पातळ मागितलं.
झिरो डब्ल्यू वीस.
तिने आधी झाकणाचं कडं तपासायला लावलं,
"जुनंच गाळून नव्या डब्यात भरणारे आहेत," म्हणाली,
मग गाडीची पुस्तिका उघडली. सगळी जपानीत.
आम्ही दोघींनी फक्त आकडे वाचले
आणि एकमेकींकडे पाहून मान हलवली.

फिल्टर तिने दोन मांडले.
एक निळा, चकचकीत, खिशाला परवडणारा.
दुसरा मळकट पांढरा, तिप्पट किमतीचा.
"आत डोकाव. रबराचा पडदा दिसतो?
गाडी थांबली की तेल सगळं तळाशी उतरतं.
हा घोटभर वर अडवून धरतो.
सकाळी पहिल्या क्षणाला इंजिनाच्या तोंडात
तेवढंच असतं."
रात्रपाळीत मी ओल्या कापसाने
रोग्यांचे ओठ भिजवते.
मला पुढचं सांगावं लागलं नाही.
पांढरा घेतला. महिनाभर मांस कमी आणीन.

घरी सासऱ्यांनी डबा कानाशी हलवला.
"तेल आहे की चहा?"

मी वाद घातला नाही.
पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या,
एकीत माझं, एकीत त्यांच्या जीपचं,
आणि कुंपणाच्या खिळ्याला रात्रभर टांगून ठेवल्या.
उणे अडतीस.
कुत्रासुद्धा भुंकायला बाहेर आला नाही.

सकाळी त्यांच्यासमोर दोन्ही पालथ्या केल्या.
माझं निघालं, रेंगाळत,
शाळेला जायचं नसलेल्या पोरासारखं, पण निघालं.
त्यांचं जागचं हललं नाही.
फक्त हवेचा एक बुडबुडा
वर जायला निघाला आणि अर्ध्या वाटेत अडकला.
ते त्या बुडबुड्याकडे बघत राहिले.
विडी विझली तरी बघत राहिले.
तोंडातून ब्र नाही.

मग शेडमध्ये शेगडी पेटवली,
गाडी गरम केली, आणि माझ्या हातातून पाना काढून घेतला.
काळं तेल पत्र्याच्या टोपात पडत होतं.
जुना फिल्टर काढल्यावर
त्यांनी इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं, दोनदा:
जुनं रबरी कडं तिथेच चिकटून राहिलं
तर नवं बसल्यासारखं वाटतं
आणि भर रस्त्यात सगळं ओकून टाकतं.
नव्या कड्याला त्यांनी तर्जनीने तेल लावलं,
माझं, पातळ,
नव्या तंबूच्या खांबाला लोणी लावतात तसं.
"पाना नको," म्हणाले. "हाताने बसेल तेवढंच घट्ट."

दुसऱ्या पहाटे किल्ली फिरवली.
एक खरखर, अर्ध्या श्वासाची,
मग इंजिन आपल्या आवाजात आलं.
सासरे दारात उभे, टोपीचा कान वर करून,
जणू सहज बाहेर आलेले.

संध्याकाळी परतले तेव्हा
त्यांची बाटली शेगडीजवळ ठेवलेली होती.
"पोचला वर," ते म्हणाले.
कोण ते विचारायची गरज नव्हती.
बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावली होती
आणि त्यावर पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरांत:
जून.