पंचवीस अक्षरं

डिचोलीला, मामलेदार कचेरीसमोर
चौदा वर्षं मी लोकांचे अर्ज लिहिते.
जुना कॉम्प्युटर मार्चमध्ये गेला.
दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, आता तेराव्याचं बघा.

नवा मग मी स्वतःच जोडला.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
मिरसांगांच्या पिशवीत मदरबोर्ड आणला.
प्रोसेसरवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
एक स्क्रू कमी पडला, तो अजून कमीच आहे.
पंखा फिरला. दिवा लागला.
काळ्या पडद्यावर एकच ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

एवढं सगळं माझं, पावतीसकट,
आणि आत राहायला कोणी नाही.

इनासियो दुकानदार फोनवर समजावतो,
स्वस्तातला परवाना बोर्डाला बांधलेला,
बोर्ड जळला की तोही जळला.
महागातला कुठेही उचलून नेता येतो.
मग आवाज खाली आणून,
पर्वरीला एक पोरगा साडेतीनशेत चावी देतो.
चालते. का चालते ते विचारायचं नाही.

भाच्याने पेन ड्राइव्हवर आणली ती चौथी वाट,
फुकट आणि मोकळी.
रात्री लावून पाहिली. सुरेख चालली,
ना नाव विचारलं, ना गाव.
मग मी माझे जुने अर्ज उघडले.
'विनंती'च्या जागी कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं.
सत्यवती गावकराचं घरपट्टीचं गाऱ्हाणं
कोंबड्यांनी कागदावर पाय पुसावेत तसं.
बदलता येतं गं मावशी, भाचा म्हणाला, एकेक फाइल.
एकेक. चौदा वर्षं.

पण झोप उडवली ती त्या 'बांधलेला' शब्दाने.
आमचं घर भाटकाराच्या जमिनीत, बाबा मुंडकार.
मागची भिंत खचली तेव्हा
भाटकाराचा वकील अंगणात उभा राहून म्हणाला होता,
हक्क घराचा आहे, तुमचा नाही.
घर पडलं तर तुम्ही कोण?
बाबांनी आठ दिवसांत भिंत उभी केली,
रात्रीची, गॅसबत्ती लावून.
पुढे बारा वर्षं तारखा.

महागातला घेतला.
दोन महिन्यांच्या अर्जांचे पैसे गेले.

मग करार आला.
लोक म्हणे खाली सरकवतात आणि दाबतात.
मी रोज दहाजणांना सांगते,
वाचल्याशिवाय अंगठा लावू नका.
म्हणून चष्मा पुसून सगळा वाचला, दीड तास.
मसुदा चांगला आहे. माझ्याहून चांगला.
बऱ्याच खाली लिहिलंय,
हे तुम्हाला विकलेलं नाही,
वापरायला दिलेलं आहे.

हसूच आलं. एवढे मोजून
मी पुन्हा कुणाच्या तरी भाटात.
फरक इतकाच, की छप्पर उचलून
दुसऱ्या भिंतींवर ठेवता येतं.

मान्य.

मशीनला नाव द्या, म्हणाला.
बाबांचं दिलं, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता.
चावीची पंचवीस अक्षरं वहीच्या कागदावर उतरवून
पत्र्याच्या डब्यात ठेवली,
निकालाच्या नकलेखाली.
डिस्कचा एक तुकडा मोकळा सोडलाय,
भाच्याच्या पेन ड्राइव्हसाठी. बघू.

सोमवारी पहिला अर्ज कुडण्याच्या बाईचा,
वीजजोडणीचा.
जुन्या नमुन्यावरून काढला, नीट छापला.
फक्त ळ जरा मोडका येतो.