अंग चोरणाऱ्यांचा वर्ग

कालवं सोलायच्या जुन्या शेडमध्ये
दर मंगळवारी सातला आम्ही जमिनीवर पडतो.
पुलापलीकडे ब्यूफर्ट, अलीकडे ओहोटीचा चिखल,
मधे आम्ही नऊ जण, उताणे,
वाळत घातलेल्या मासळीसारखे.

व्हर्डेल केपर्स म्हणते, काही करू नका.
फक्त बघा, पाठीचा कुठला भाग फरशीला टेकलाय
आणि कुठला अजून विचार करतोय.

माझा डावा खुबा विचार करतो.
एकतीस वर्षं टपालाची पिशवी त्याच बाजूला होती.
मी निवृत्त झालो,
त्याला कुणी कळवलंच नाही.

मग ती काळी पाटी आणते,
वजनकाट्याएवढी, वायरने लॅपटॉपला जोडलेली.
वर उभं राहिलं की जमीन आपल्याला किती ढकलते
ते पडद्यावर उमटतं.
जमीन ढकलते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.
मला वाटायचं, सगळा भार आपणच टाकतो.

उजवीकडे बासष्ट, डावीकडे अडतीस.
“मिस्टर गॅड्सडेन, तुम्ही अंग चोरता.”
चोरतो.
आत कुत्रा असेल या हिशेबाने
मी जन्मभर लोकांची फाटकं उघडली.
काही घरी कुत्रा नव्हता,
तरी तसाच उघडायचो.

केस बांधता बांधता ती स्वतःचंही सांगते.
ओहायोच्या कॉलेजात तिला उभं राहायला शिकवलं:
माकडहाड आत, बरगड्या मिटलेल्या, मान लांब,
जणू कुणी दोरीने वरून टांगलंय.
“माझ्या आजीसमोर ही उपमा मी एकदाच दिली,” ती म्हणते.
शेडमध्ये कुणी हसत नाही.
“बारा वर्षं उभी राहिले तशी.
मग पाठीनेच राजीनामा दिला.”

आता गुडघे सैल.
कंबर जड, पिकलेल्या भोपळ्यासारखी खाली येऊ दे.
श्वास पोटात नाही, त्याच्याही खाली,
तळव्यांना ऐकू जाईल असा.

कोपऱ्यात खुर्चीवर मिस लुवीनिया पोलाइट, अठ्ठ्याऐंशी,
झाडूचा दांडा फरशीवर आपटते.
ढोलावर कायद्याने बंदी आली तेव्हा
ढोल इथे राहायला आला,
दांड्यात, टाळीत, टाचेत.
आम्ही रिंगण धरतो, घड्याळाच्या उलट.
पाय उचलायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही.
पाय ओलांडला की तो नाच,
आणि नाच म्हणजे पाप.
म्हणून आमच्या आज्या कधीच नाचल्या नाहीत.
रात्र रात्र
नुसत्या सरकल्या.

एका मंगळवारी व्हर्डेलने मिस लुवीनियाला पाटीवर नेलं, हाताला धरून.
दांडा माझ्याकडे दिला.
म्हातारी सरकली, आठ ठोके.
व्हर्डेल पडद्याकडे बघत राहिली.
या विषयावरचे ढीगभर शोधनिबंध तिने वाचलेत, एक लिहिलाय.
टाचेतून आलेला धक्का
थोडा घोट्यात उतरला, थोडा गुडघ्यात,
थोडा खुब्यात,
मुक्काम कुठेच केला नाही.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

मला वाटलं, आता समुद्रापलीकडचं काही निघणार,
जहाजं, पूर्वज.
म्हातारीने चष्मा पुसला.
“बाप रात्रपाळीला असायचा. घर एका खोलीचं.
आम्ही सहा पोरं
आणि दिवसभर झोपलेला एक माणूस.
घाल तुझ्या निबंधात.”

व्हर्डेलने लॅपटॉप मिटला.
उरलेला तास आम्ही पाटीशिवायच काढला,
तिने मधेच खिडकीशी जाऊन नाक शिंकरलं
ते सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं.

घरी जाताना रस्त्यावर शिंपल्यांचा चुरा.
अंधार होता, कुणी मोजत नव्हतं.
डावा पाय टाकला, अख्खा टाकला.
कर्र वाजलं.
पोर्चवर कुत्रा उठून भुंकायला लागला,
चौदा वर्षांचा, आंधळा, माझाच.

इतका आवाज करत मी घरी कधी आलो नव्हतो.