मानशीवरची बैठक

आधी सांगितलं: मी दारं विकतो.
फोंड्याहून आलोय. फायबरची दारं,
खाऱ्या पाण्यात टिकणारी, दहा वर्षांची हमी.
एवढं सांगून मंडूरच्या बांधावर
सात जणांपासून हातभर अंतर ठेवून
उकिडवा बसलो.

कोणी हूं म्हटलं नाही. कायतानने विडी पुन्हा पेटवली.
बोलणं चालू होतं ते चालूच राहिलं:
मानशीचं डावं दार भरतीला मिटतं
पण मिटत नाही,
खालून बोटभर पाणी येतं
आणि बोटभर खारं पाणी
अख्खं कोरगूट जाळायला पुरतं.

शाबलो म्हणाला, लाकडात किडा आहे.
इनास म्हणाला, किडा उजव्यातही आहे,
मग ते का गळत नाही?

प्रश्न चांगला होता.
चांगल्या प्रश्नाजवळ माल उघडून बसू नये
हे मला चोडणात कळलं.

तिथे गेल्या वर्षी मी कोणीच नव्हतो.
आपला वाटसरू, कोणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र.
"आमच्या गावात नवीन दार बसवलं हो," म्हणालो,
"बायका मिठाची धास्ती विसरल्या."
सगळे ऐकत होते. मीही ऐकत होतो,
इतकं गोड मी बोलत होतो.
मग सुशेलाबाय, कूळ-संघाची वही तिच्याकडे,
वही मिटून म्हणाली, गाव कुठला?
मी एक नाव घेतलं.
त्या गावाला खाडीच नाही, ती म्हणाली.
कोणी रागावलं नाही.
फेरीबोटीपर्यंत एक पोरगा सोबत दिला,
पाहुण्याची वाट चुकू नये म्हणून.
तो वाटभर मला काका म्हणत होता.
ते अजून टोचतं.

तर मंडूरात गप्प बसलो.
बॅगेत आठ-दहा कॅटलॉग,
गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर निळं पाणी,
असं निळं जे कुठल्याच खाडीत नसतं.
जीभ तीनदा वळवळली.
एकदा तर शाबलोनेच विचारलं,
तुमचं ते फायबर कसं असतं?
म्हटलं, आधी हे का गळतं ते पाहू.
मालक तिथे नव्हता ते बरं.

सुकती लागली. इनास आणि मी उतरलो,
मांडीपर्यंत चिखल, दाराला कालवांचे दात.
त्याने दार ओढून धरलं, मी खाली हात घातला.
फट किती? पट्टी कोणाकडेच नव्हती.
वरून कॅटलॉग मागवले, सरकवत गेलो:
बिजागरीकडे एक जेमतेम मावला,
टोकाला चार गेले, तरी हलत होते.
पुन्हा करून पाहिलं. तसंच.

लाकूड सरळ होतं. उंबरा खचला होता.

"दार बदलू नका!" वारा होता, ओरडावं लागलं.
"नवीनही ह्याच दगडावर टेकणार.
माझं बसवलंत तर माझंही गळेल!"
आगशीचा पास्कू गवंडी असली कामं करतो.
माझे हात चिखलाचे, फोन बांधावर,
इनासच्या मुलीने नंबर शोधून लिहून घेतला.

किडा मात्र आहे, शाबलो वरून म्हणाला.
आहे, म्हटलं. दोनेक वर्षं निघतील.
तेव्हा मला विचारा, आणि लाकूडवाल्यालाही.
जुन्यांनी मट्टीचं लाकूड उगाच नाही निवडलं.

वर आलो तेव्हा चार निळी पानं चिखलाची झाली होती.
कायतानने उरलेल्यातला एक कॅटलॉग मागून घेतला,
उघडला नाही, बुडाखाली घातला.
बांध ओला होता.
तिथूनच, विडी हातात:
"किती म्हणालात एका दाराचे?"

मी म्हणालोच नव्हतो. आकडा सांगितला.
"महाग," तो म्हणाला.
"होय," मी म्हटलं.

भरती वळायला अजून बराच वेळ होता.